पाणी कुठं मुरतंय

"ह्या काट्यावर शिक्का कुठाय?"

बोरिवलीत वझिरा नाक्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात विद्याधर टिपणिसांनी तोंडातून काढलेलं पहिलं वाक्य हे. समोर त्यांची मांजर काट्यावर बसलेली, बायको रेवती तिच्या मानेवर हात ठेवून उभी, आणि डॉक्टर शीतल गजभिये कागदावर वजन लिहितेय, चार किलो शंभर. अशा वेळी माणूस काय विचारेल? काय झालंय, बरी होईल का, एवढंच ना? टिपणिसांना आधी शिक्का हवा.

"कसला शिक्का, काका?"

"पडताळणीचा. दर वर्षी काटा तपासून घ्यायचा असतो. खालच्या पट्टीवर वर्ष असतं, तिमाहीचं अक्षर असतं, निरीक्षकाचा नंबर असतो. इथे तर नुसती धूळ दिसतेय."

"अहो काका, ह्याच्यावर मी काही विकत नाही."

"सगळे असंच म्हणतात," टिपणीस म्हणाले आणि गुडघे टेकून काट्याच्या बुडाशी बघायला लागले. सहासष्ट वर्षांचा माणूस, पांढरा शुभ्र सदरा, आणि दवाखान्याच्या फरशीवर ओणवा. रेवतीने डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांत तिने हे वाण्याकडे पाहिलं होतं, रद्दीवाल्याकडे पाहिलं होतं, एकदा तर तिच्या सख्ख्या भावाच्या किराणा दुकानात पाहिलं होतं.

डॉक्टर पोरगी शांत होती. तिने मांजरीचं पोट पुन्हा एकदा चाचपलं, आधी रेवती एकटी घेऊन आली होती तेव्हाच्या नमुन्याचा रिपोर्ट टेबलावरून उचलला आणि काकांचं डोकं वर येईपर्यंत थांबली. मग सरळ सांगितलं. आतड्याचा कॅन्सर आहे, आणि तो पोटभर पसरलाय. बरा होणारा नाही. केमोची इंजेक्शनं देता येतील, दर आठवड्याला एक. त्याने दोन-तीन महिने मिळतीलही, किंवा नाहीही मिळणार. ते नको असेल तर भूक लागायची गोळी आणि दुखण्यावरचं औषध द्यायचं, तिला सुखात ठेवायचं, आणि तिचे हाल सुरू झाले की झोपेचं इंजेक्शन.

"पोटावर लक्ष ठेवा," ती म्हणाली. "आणि घरी बोलून ठरवा. घाई नाही, पण फार वेळही नाही."

झालं! टिपणिसांच्या कानात नेमकं शेवटचं वाक्य अडकलं. घाई नाही पण वेळ नाही! ही तर दुकानदाराची भाषा झाली. बघा साहेब, आरामात बघा, पण पीस शेवटचा आहे. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. वय नऊ वर्षं, असं लिहिलं होतं.

"आठ वर्षं पाच महिने," ते म्हणाले. "वयच चूक आहे. मग नमुना आमच्याच मांजरीचा कशावरून?"

बाहेर रिक्षात बसल्यावर त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं. "रेवती, कुठेतरी पाणी मुरतंय."

आता हा माणूस असा का, तर तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. तेहतीस वर्षं ज्याने फक्त लबाडी शोधली, त्याला दुसरं काय दिसणार? वजनाच्या बुडातलं शिसं काढून टाकलेलं, पारड्याखाली चिंच चिकटवलेली, काट्याखाली लोहचुंबक, मिठाई खोक्यासकट तोललेली. काय काय पकडलं त्यांनी! दांडी मारणाऱ्याची करंगळी म्हणे ते रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे. दिवाळीला मिठाईवाले घरी पेढे पाठवत, ते टिपणीस आल्या पावली परत पाठवत, आणि परत पाठवायच्या आधी तोलत. पाच पैसे कधी खाल्ले नाहीत. हे मात्र खरं, आणि म्हणूनच लोक त्यांना टरकून असत. जो पैसे खातो त्याच्याशी बोलता तरी येतं.

स्वतःच्या लग्नात काय केलं माहितीये? मंगळसूत्र घ्यायला म्हणून पार्ल्याच्या एका सोनाराकडे गेले आणि त्याच्या तराजूलाच सील ठोकून आले. सोनार आठ दिवस बंद. मंगळसूत्र अडकलं आत. लग्नात रेवतीच्या गळ्यात तिच्या मावशीचं उसनं मंगळसूत्र पडलं, आणि त्यावरून सासरच्या बायकांनी तिला जे ऐकवलं ते ती अजून विसरलेली नाही. टिपणिसांना विचाराल तर ते म्हणतील, दीड गुंजेचा फरक होता.

गुंज हे मांजरीचंही नाव. सोनाराकडचं सगळ्यात लहान वजन. निवृत्त व्हायच्या आधी शेवटची धाड टाकली ती एका धान्याच्या गोदामावर. तिथे जप्त केलेल्या काट्याच्या पारड्यात हे पिल्लू झोपलेलं सापडलं, मुठीएवढं. आई मेलेली. टिपणिसांनी ते घरी आणलं, आणि आणण्याआधी पंचनाम्यात लिहिलं, "मांजराचे पिल्लू एक, रंग करडा, जप्त मालात समाविष्ट नाही." साहेब पोट धरधरून हसला होता.

घरात दोघंच, मूलबाळ नाही. मित्र म्हणावेत तर खात्यातल्यांवर संशय, सोसायटीतल्यांवर त्याहून जास्त. पाण्याचं बिल, लिफ्टची दुरुस्ती, गणपतीची वर्गणी, सगळीकडे ह्यांचा चष्मा. लोक त्यांना बघून जिना बदलत. एक ही गुंज काय ती त्यांची. सकाळी ते पेपर उघडायचे आणि ही बरोबर ते वाचत असतील त्याच बातमीवर येऊन बसायची. बाजारात मनोरीची एक कोळीण बसते, तिच्याकडून रेवती मांदेलीचा वाटा आणायची. मासळीच्या वाट्याला काटा लागत नाही, त्यामुळे त्या कोळणीपुढे टिपणिसांचं आयुष्यात कधी काही चाललं नाही. त्यातल्या चार मांदेल्या गुंजीच्या. भूक लागली की ओरडायची, पोट भरलं की पाठ फिरवायची. "हिच्यात खोट नाही," टिपणीस म्हणायचे. जगात एवढ्या एकाच जिवाबद्दल त्यांनी हे वाक्य वापरलं होतं.

आणि तिलाच हे व्हावं! अहो, पण ते खरं कशावरून?

दुसऱ्या दिवशी ते गुंजीला घेऊन वांद्र्याला गेले, मोठ्या डॉक्टरकडे. बोरिवलीपासून वांद्र्यापर्यंत रिक्षाच्या मीटरवरून नजर हलली नाही. तिथे एसी, काचेचे दरवाजे, कॉफीचं मशीन. तिथल्या काट्यावर गुंज भरली चार किलो दोनशे. मोठ्या डॉक्टरने रिपोर्ट पाहिला, सगळ्या तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या, आणि म्हणाला, सोमवारी ऑपरेशन करू, गाठ काढू, मागोमाग केमो.

परत येताना टिपणिसांचं डोकं भणभणत होतं. दोन दिवसांत दोन काटे, शंभर ग्रॅमचा फरक. दोन डॉक्टर. एक म्हणते फार काही करू नका, दुसरा म्हणतो सगळं करा.

"एकीला येत नाही म्हणून ती नको म्हणते," ते रेवतीला म्हणाले, "आणि दुसऱ्याला त्या काचेच्या दारांचा खर्च काढायचाय म्हणून तो हो म्हणतो."

"आणि तिसरं काही असूच शकत नाही का?" रेवती म्हणाली. "दोघांनाही खरंच जे वाटतं ते सांगितलं असेल."

"तू भोळी आहेस."

"असेन. पण ठरवायचं काय? तिला उलट्या होतायत, अहो."

टिपणिसांनी ठरवलं ते असं. त्यांनी माळ्यावरून आपला जुना दांडीचा तराजू काढला. निवृत्तीच्या वेळी लिलावात रीतसर पावती करून घेतलेला. पितळी पारडी, शिक्क्याची वजनं. तेल लावलं, दांडी समतोल केली, काटा मधोमध आला तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "कॅन्सर झालेलं जनावर वाळत जातं," ते म्हणाले. "हे तर कोणीही सांगेल. आपण रोज तोलू. वजन उतरलं तर त्या पोरीचं खरं, नाही उतरलं तर दोघंही खोटे. काटा लबाडी करत नाही, माणूस करतो."

रोज सकाळी नऊ वाजता. आधी वेताची टोपली रिकामी तोलायची, मग गुंजीला टोपलीत ठेवून तोलायचं, टोपलीचं वजन वजा करायचं, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. पहिल्या दिवशी चार किलो ऐंशी. गोळ्या-औषध सुरू होतं. आठवड्याने चार किलो एकशे साठ. टिपणिसांनी दोनदा तोललं, पारडी बदलून तोललं. एकशे साठच!

"वाढलं!" ते किंचाळलेच. "रेवती, वाढलं! बघ, मी म्हणत नव्हतो? ही मांजर आजारी आहे?"

रेवतीचं कॅलेंडरकडे लक्षच नव्हतं. ती गुंजीकडे बघत होती.

त्याच दिवशी टिपणिसांनी गोळ्या बंद केल्या. नुसत्या बंद नाही हं! गोळ्यांची पट्टी, औषधाची बाटली आणि तो चुकीच्या वयाचा रिपोर्ट, सगळं एका पाकिटात घातलं, मेणबत्तीवर लाख वितळवली, पाकिटाला सील केलं आणि गोदरेजच्या कपाटात ठेवलं. पुरावा म्हणून. ग्राहक मंचात जायचं त्यांच्या मनात होतं. धडधाकट मांजरीला कॅन्सर सांगतात म्हणजे काय! किती जणांना फसवलं असेल!

कॅलेंडरवरचे आकडे चढतच होते. चार किलो दोनशे. चार किलो दोनशे सत्तर. तोलून झालं की टिपणीस शीळ घालत. शीळ! ह्या माणसाच्या तोंडून शीळ शेजाऱ्यांनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकली.

पण घरात दुसरंच काहीतरी शिजत होतं, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं असतं तर ते टिपणीस कसले? रेवती भाजीला जाते म्हणून गेली आणि अर्ध्या तासाने रिकाम्या पिशवीने आली. विचारलं तर म्हणाली, भाजी चांगली नव्हती. सगळ्या बोरिवलीत चांगली भाजी नाही? दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग फोन. फोन वाजला की ती गॅलरीत जाऊन बोलायला लागली. एकदा टिपणीस वाळत घातलेल्या चादरीच्या मागे उभे राहिले आणि कान दिला.

"हो डॉक्टर," रेवती हळू आवाजात म्हणत होती. "नाही, त्यांना नाही सांगितलं... हो, दुपारी देते, ते झोपतात तेव्हा."

काय देते? कशाला देते? त्या पोरीचे शब्द त्यांना आठवले, झोपेचं इंजेक्शन. मांजर सुधारतेय, उद्या खोटं उघडं पडणार, म्हणून तिलाच संपवायचं? आणि रेवती त्यात सामील? छे, रेवती असं करणार नाही. पण का नाही करणार? रोजच्या उलट्या पुसून कंटाळली असेल. मनात काय चाललंय ते माणूस थोडंच सांगतो!

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोवर संशय त्यांनी शंभरदा घेतला होता, उरलेल्या सुट्ट्या पैशांवरून, माहेरी गेलेल्या लोणच्याच्या बरणीवरून. पण ह्या वेळी भीती वाटली. एकट्याने चार दरवाज्यांच्या गोदामावर धाड टाकली होती त्यांनी, तेव्हाही कधी अशी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धाड टाकली. स्वतःच्या स्वयंपाकघरावर. दोन वाजता पलंगावर आडवे झाले, घोरण्याचं सोंग काढलं, मध्ये जरा थांबून पुन्हा घोरले. रेवती उठली. फ्रिज उघडल्याचा आवाज. ताटलीचा आवाज. टिपणीस अनवाणी दारापर्यंत गेले. रेवती ओट्याशी उभी होती, हातात उकडलेली मांदेली, आणि बोटाने तिच्या पोटात पांढरं काहीतरी कोंबत होती.

"थांब! हात तसाच ठेव."

रेवती दचकली नाही. जणू रोज वाटच बघत होती.

"काय घालतेस तिच्या खाण्यात?"

"गोळी."

"कसली गोळी?"

"तुम्ही लाखेत बंद केलीत ना, तीच. डॉक्टरांकडून दुसरी आणली."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तिलाही लाख लावली असतीत." रेवतीचा आवाज चढला. "पहिल्या दिवसापासून देतेय मी. एक दिवस चुकवलेला नाही. अर्धी गोळी दुपारी, आणि दुखण्याचं औषध दुधातून. ती चार घास खाते ना, ते त्या गोळीमुळे खाते. तुमच्या तराजूमुळे नाही."

टिपणिसांनी वाकून मांदेलीच्या पोटातली गोळी नीट पाहिली. मग त्यांचा नेहमीचा ताठा परत आला. "पण वजन? वजन तर वाढतंय! आज चार किलो चारशे भरली. तीन आठवड्यांत तीनशे वीस ग्रॅम! खोटं आहे का ते? माझ्या हाताने तोललंय मी!"

"तिला हात लावलात का तुम्ही?"

"म्हणजे काय? रोज मीच—"

"टोपलीत ठेवता आणि टोपलीतून काढता. मांडीवर घेतलीत एकदा तरी? पाठीवरून हात फिरवलात? तीन आठवडे झाले, अहो. आधी दिवसभर तुमच्या मांडीवर असायची."

ते खरं होतं, आणि का खरं होतं तेही टिपणिसांना माहीत होतं. पहिल्या दिवशी काट्याखाली वाकता वाकता त्यांनी त्या पोरीची बोटं पोटाच्या एका जागी थांबलेली पाहिली होती. ती जागा आपल्या हाताला लागू नये म्हणून ते तिच्या बगलांखाली हात घालून तिला उचलायचे, लांबून, गरम पातेलं उचलावं तसं. तोलताना हाताला फक्त पारडी लागत होती.

ते स्वयंपाकघराच्या लादीवर खाली बसले. गुंज ओट्याखाली होती. त्यांनी हात पुढे केला, तर ती आपणहून आली, पण चालत आली ती हेलपाटत. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. पाठीचा एकेक मणका बोटांना लागत होता. खांद्याची हाडं वर आलेली, मांड्या नुसत्या चामड्याच्या. मग हात पोटाखाली गेला. पोट तेवढं तट्ट होतं, पखालीसारखं.

"सारखं म्हणता ना, कुठेतरी पाणी मुरतंय?" रेवती म्हणाली. आता तिचा राग गेला होता आणि ती रडत होती. "मुरतंय. तिच्या पोटात मुरतंय. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाल्या होत्या, पोटावर लक्ष ठेवा. तुमच्या डोक्यात तेव्हाही काट्याचा शिक्काच होता."

संध्याकाळी पाच वाजता ते दवाखान्यात होते. डॉक्टर शीतलने काही विचारलं नाही, कुठे होतात इतके दिवस म्हणून बोल लावला नाही. सुईने पोटातलं पाणी काढलं. खुणांच्या बाटलीत लालसर पिवळं पाणी थेंबथेंब उतरत गेलं, दोनशे, तीनशे, पाचशे. टिपणीस त्या खुणांकडे टक लावून बसले. पाणी साडेसहाशेवर थांबलं.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. चार किलो चारशेतून साडेसहाशे गेले. राहिले तीन किलो साडेसातशे. म्हणजे ती वाढली नव्हती. तीन आठवडे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर ती संपत होती, आणि ते कॅलेंडरसमोर उभे राहून शीळ घालत होते.

"खोक्यासकट," ते पुटपुटले.

"काय म्हणालात, काका?"

"काही नाही. खोक्यासकट मिठाई तोलतात म्हणून कितीजणांवर खटले भरले मी. टोपलीचं वजन रोज आठवणीने वजा केलं, डॉक्टर. पाण्याचं नाही केलं." त्यांनी बाटलीवरच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे पाणी परत येईल का?"

"येईल. आठ-दहा दिवसांत."

"आणि ते केमो? पहिल्या दिवशी हो म्हटलं असतं तर?"

आता इथे ती खोटं बोलू शकली असती. म्हातारा माणूस रडकुंडीला आलाय, म्हणायचं, काका, काही फरक पडला नसता. कोण तपासायला येणार होतं? पण ती म्हणाली, "थोडे दिवस मिळाले असते कदाचित. नसतेही. मला माहीत नाही. आता मात्र मी देणार नाही, तिला सोसणार नाही. पण हे तीन आठवडे तिचे बरे गेले, काका. काकू औषध देत होत्या म्हणून. नाहीतर फार वाईट गेले असते."

टिपणिसांनी रेवतीकडे बघितलं. ती गुंजीच्या कानामागे खाजवत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं. पण चाळीस वर्षांत ज्याने कुणाची माफी मागितली नाही त्याला शब्द कुठून सुचणार? त्यांनी टोपली उचलली आणि रिक्षा थांबवली.

घरी आल्यावर तराजू माळ्यावर गेला. लाखेचं पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने फोडलं आणि गोळ्या रेवतीच्या हातात दिल्या. "किती वाजता द्यायची?" एवढंच विचारलं. त्यानंतर नऊ दिवस गुंज त्यांच्या मांडीवर होती. पेपर वाचणं बंद झालं. ती झोपली की ते पाय हलवायचे नाहीत, मुंग्या आल्या तरी. दारावर कुणी आलं तर खुणेने सांगायचे, बसलेली आहे, नंतर या. सोसायटीत बातमी फिरली, टिपणिसांची मांजर वारणार आहे. लोक जिन्यात थांबून चौकशी करायला लागले, आणि टिपणीस त्यांना उत्तर द्यायला लागले. आज अर्धी मांदेली खाल्ली. आज नुसतं पाणी प्यायली. कुणाच्या डोळ्यांत काय आहे ते बघायचं ते विसरले होते, किंवा बघायला वेळ नव्हता.

पाणी परत भरलं. दहाव्या दिवशी सकाळी गुंज मांडीवर आली नाही. वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मांदेली पुढे ठेवली तर वाससुद्धा घेतला नाही. श्वास भरभर, तोंड जरा उघडं. टिपणीस मशीनशेजारी लादीवर बसले. दहा वाजले, अकरा वाजले. त्यांनी तिथूनच रेवतीला हाक मारली.

"रेवती, तू सांग."

"काय सांगू?"

"कधी ते. बोलवायचं का आज? तुला कळतं तिचं. मला नाही कळलं, बघितलंस ना तू. तू म्हणशील तसं करू."

रेवती हातातली परडी घेऊन तशीच दारात उभी राहिली. मग म्हणाली, "मी नाही सांगणार."

"का?"

"आज म्हटलं तर तुम्हाला वाटेल, दोन दिवस आधीच संपवली. उद्या म्हटलं तर वाटेल, एक दिवस जास्त हाल केले. तोंडाने नाही म्हणणार तुम्ही. पण मनात राहील. चहा देताना माझ्याकडे बघाल आणि म्हणाल, तेव्हा हिच्या मनात नक्की काय होतं? मी तुम्हाला ओळखते. बाकीचं सगळं सोसलं मी, मंगळसूत्रापासून सगळं. हे एक नाही सोसवणार मला."

टिपणीस उलटून बोलायला गेले. असं काय म्हणतेस, मी असा आहे का, असं काहीतरी. पण ती म्हणत होती ते खरं होतं. त्यांनी तसंच केलं असतं. आज नाही, पुढल्या महिन्यात नाही, पण एखाद्या दुपारी नक्की. चाळीस वर्षं ज्या बाईने आपल्यासाठी घर केलं तिला एका मांजरीच्या मरणापुरताही आपला विश्वास वाटू नये, ह्याची त्यांना लाज वाटली.

मग त्यांनी मशीनच्या मागे हात घातला, गुंजीला अलगद बाहेर काढलं आणि छातीशी घेतलं. ती कण्हली, पण ओरबाडलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, टिपणीस बोलतोय. आज घरी याल का? गुंजीसाठी."

"चारपर्यंत येते, काका. तुमचं नक्की ठरलंय ना?"

रेवती येऊन त्यांच्या शेजारी लादीवर बसली होती. टिपणिसांनी गुंजीकडे पाहिलं, मग रेवतीकडे पाहिलं. रेवतीने काही खूण केली नाही.

"नक्की नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही या."